भिंतीवरचा पोटभाडेकरू

पहिला पाऊस पडून गेला की संध्याकाळी आमच्या गॅलरीतल्या ट्यूबलाइटखाली जत्रा भरते. पंख फुटलेली वाळवी, चिलटं, एखादा वाट चुकलेला भुंगेरा आणि या सगळ्यांवर टपून बसलेल्या दोन पाली. पालींकडे घरातल्या सगळ्यांचं लक्ष जातं, कारण त्या मोठ्या आहेत आणि आईला त्यांचा भयंकर तिटकारा आहे. मी मात्र गेली काही वर्षं तिसऱ्याच शिकाऱ्यावर नजर ठेवून आहे. तो करंगळीच्या नखाएवढा. ट्यूबच्या पट्टीपासून वीतभर खाली भिंतीला चिकटून बसलेला असतो. आपण जवळ गेलो तर पळत नाही. गर्रकन वळतो आणि आपल्याकडे तोंड करून थांबतो. आपण डावीकडे सरकलो की तोही तेवढाच डावीकडे वळतो. मुंगी असं करत नाही, झुरळ तर नाहीच नाही. दारात आलेल्याला ‘कोण पाहिजे?’ म्हणून आपादमस्तक न्याहाळण्याची ही पद्धत इतकी सदाशिवपेठी आहे की हा कोळी मूळचा पुण्याचाच असणार, असं मला बरेच दिवस वाटत होतं.

तो पुण्याचा नाही. भारताचाही नाही. अभ्यासक त्याचं मूळ आफ्रिकेत मानतात. तरीही तुमच्या जिन्यात, मीटरच्या पेटीमागे, खिडकीच्या ग्रिलवर नाहीतर कुंड्यांच्या मागे तो बहुधा आत्ताही बसलेला असेल. हा आफ्रिकन पाहुणा पुण्यातल्या तिसऱ्या मजल्यावर इतका निवांत कसा राहतो, याचं उत्तर त्याच्या शरीरात आहे आणि आपल्या भिंतीत आहे.

आधी ओळख. मराठीत आपण या मंडळींना सरसकट ‘उडी मारणारा कोळी’ म्हणतो. पण हा एकटा कोळी नसून कोळ्यांचं सगळ्यांत मोठं कुळ आहे. जगातल्या कोळ्यांची यादी स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहराचं निसर्गविज्ञान संग्रहालय सांभाळतं. एप्रिल २०२२ मध्ये त्या यादीने ५०,००० प्रजातींचा आकडा गाठला, आणि त्या मानाच्या क्रमांकावर नोंद झाली ती ब्राझीलमधल्या एका उडी मारणाऱ्या कोळ्याचीच. यादीतल्या दर आठ प्रजातींमागे साधारण एक या कुळातली आहे.

आमच्या ट्यूबखालच्या कोळ्याचं शास्त्रीय नाव प्लेक्सिपस पेकुली. नर ओळखणं सोपं. अंग काळं, पाठीवर मधोमध रुंद पांढरा पट्टा, आणि तो पट्टा पुढे डोळ्यांच्या मधून थेट कपाळापर्यंत आलेला. समोरून बघितलं तर उभं गंध लावलेल्या माणसासारखा दिसतो. पोटावरही तोच पट्टा चालू राहतो आणि शेवटाकडे दोन पांढरे ठिपके असतात. मादी करड्या-तपकिरी रंगाची, जरा स्थूल, पाठीवर फिकट पट्टा. लांबी साधारण ९ ते १२ मिलिमीटर. घरातल्या कोळ्यांत हा अंगापिंडाने मजबूत, पाय आखूड आणि केसाळ. लांब काड्यांसारख्या पायांचा, कोपऱ्यात उलटा लटकून अंग हलवणारा कोळी दिसला तर तो हा नव्हे.

त्याच भिंतीवर याचे दोन दूरचे भाऊबंद हमखास भेटतात. एक मेनेमेरस बायव्हिटॅटस: चपटा, राखाडी, बाहेरच्या प्लास्टरवर असा सपाट बसतो की हलल्याशिवाय दिसत नाही. दुसरा हसारियस अडॅनसोनी: काळसर, आणि नराच्या तोंडापुढे मिशांसारखे जे दोन छोटे अवयव असतात ते पांढरेशुभ्र. हे दोघेही मूळचे तिकडचेच मानले जातात. म्हणजे घरात दिसणारे उड्या मारणारे कोळी बघायला गेलं तर अख्खा वाडा पोटभाडेकरूंनीच भरलेला आहे.

याला नाव कसं मिळालं ती हकिगत मला फार आवडते. १७९८ मध्ये नेपोलियन इजिप्तवर चालून गेला तेव्हा त्याने तोफांबरोबर विद्वानांचा मोठा ताफाही नेला होता. त्यात ज्यूल-सेझार सॅव्हिन्यी नावाचा विशीतला निसर्गअभ्यासक होता. त्याने तिथले किडे, कोळी, गोगलगाई गोळा केल्या आणि परत आल्यावर त्यांची अतिशय बारकाईने चित्रं करवून घेतली. पुढे त्याचे डोळे बिघडले. इतके की उजेड सहन होईना आणि काम कायमचं सुटलं. चित्रं तयार, पण त्यांच्याबद्दल लिहिणार कोण? ती जबाबदारी व्हिक्टर ओदुअँ या दुसऱ्या अभ्यासकावर आली. १८२६ च्या त्याच्या मजकुरात आपल्या कोळ्याला नाव मिळालं, पेकुल या स्वीडिश निसर्गअभ्यासकावरून. हसारियसचं बारसंही त्याच मजकुरात झालं. साऱ्या किडेजगतात ज्यांच्या नजरेची ख्याती आहे अशा प्राण्यांचं वर्णन, नजर गेलेल्या माणसाच्या चित्रांवरून. इकडे आपला शनिवारवाडा त्या आगीत जळाला, त्याला तेव्हा दोन वर्षं बाकी होती.

आज हा कोळी दोन्ही अमेरिका, चीन, जपान, ऑस्ट्रेलिया, पॅसिफिकमधली बेटं अशा जगभरच्या उबदार पट्ट्यात आहे. एवढा प्रवास त्याने स्वतःच्या पायांनी केलेला नाही. माणसाचा माल, लाकूड, रोपं आणि जहाजं यांच्याबरोबर तो गेला. पण प्रवास तर उंदीर, झुरळं, पाली यांच्याबरोबर आणखी हजार जीवांनी केला असेल. जिथे उतरले तिथे टिकले मात्र मोजकेच. हा का टिकला?

इथे ‘अधिवास’ हा शब्द जरा उलगडून बघायला हवा. शाळेत आपण शिकलो की वाघाचा अधिवास जंगल, उंटाचा वाळवंट. त्यामुळे अधिवास म्हणजे नकाशावरची एखादी जागा असं डोक्यात बसतं. प्राण्याच्या बाजूने पाहिलं तर अधिवास ही गरजांची यादी असते, आणि यादी जिथे पुरी होईल ती जागा त्याला चालते. प्लेक्सिपसची यादी छोटी आहे. पाय रोवता येईल असा उभा पृष्ठभाग. त्यावर किड्यांची सतत ये-जा. रात्री शिरून बसायला एखादी फट. दृष्टी चालेल इतका उजेड, आणि कडाक्याची थंडी नको. माणूस नव्हता तेव्हा ही यादी झाडाची खोडं आणि खडकांचे उभे भाग पुरी करत असणार. आजही संत्र्या-लिंबांच्या बागांत आणि कापसाच्या शेतांत तो सापडल्याच्या नोंदी आहेत. पण आपण जे बांधलं ते त्याच्या दृष्टीने खोडापेक्षा सरस निघालं. सोसायटीची बाहेरची भिंत म्हणजे त्याच्या लेखी एक प्रचंड कडा. दिवसभर उन्हात तापलेला, प्लास्टरमुळे खरखरीत, खिडक्यांच्या चौकटींजवळ फटाच फटा असलेला. त्यात आपण त्या कड्यावर जागोजागी दिवे लावले. दिव्याकडे किडे येतात. कोळ्याला रोज संध्याकाळी ताट वाढून मिळतं, आणि तो दिवसा शिकार करणारा प्राणी असूनही दिव्याखाली रात्री उशिरापर्यंत कामावर असतो. पुण्यातले जुने वाडे काळ्या दगडाचे होते, नव्या इमारती काँक्रीटच्या आहेत. त्याला फरक पडत नाही. कड्याचा दगड बदलला एवढंच.

आता शेजारी राहणाऱ्या जाळेवाल्या कोळ्याची यादी बघा. त्याला जाळं ताणायला दोन-तीन आधार लागतात आणि महिनोन्‌महिने कुणी हात लावणार नाही असा कोपरा लागतो. म्हणून तो माळ्यावर, कपाटामागे, जिन्याखाली राहतो आणि दिवाळीच्या आधी झाडूच्या टोकावर जातो. प्लेक्सिपस जाळं विणून शिकार पकडत नाही. त्यामुळे घरातली जळमटं ही याची कामगिरी नव्हे. हे मी आमच्या कामाच्या मावशींना दर वर्षी समजावतो.

‘मावशी, तेवढी ट्यूबखालची भिंत राहू द्या.’

‘राहू देते. पण मग जळमटं झाली म्हणून वहिनींनी मला बोलायचं नाही.’

करार इतका स्पष्ट असल्यामुळे तो टिकला आहे.

जाळं नाही म्हणजे शिकार शोधायची, तिच्यापर्यंत पोचायचं आणि नेमकी झडप घालायची. यातलं सगळ्यांत अवघड काम डोळ्यांचं, आणि या कुळाचे डोळे हा खरंच थांबून बघण्यासारखा विषय आहे.

डोळे आठ. समोर ओळीत चार, मधले दोन मोठे, टपोरे. बाकीचे चार डोक्याच्या बाजूंना आणि मागे. समोरचे दोन मोठे सोडले तर बाकीचे डोळे पहारेकऱ्याचं काम करतात. त्यांना बारकावे फारसे दिसत नाहीत, पण जवळजवळ चारही बाजूंना काहीही हललं की ते टिपतात. हलल्याची वर्दी मिळाली की कोळी अंग वळवून मोठ्या डोळ्यांचा रोख तिकडे करतो. आपण गॅलरीत पाऊल टाकल्यावर तो गर्रकन वळतो तो यामुळे. आधी पहारेकऱ्याने पाहिलं, मग मालक बाहेर आला.

मोठ्या डोळ्यांची रचना दुर्बिणीसारखी आहे. पुढे भिंग, मागे लांबट नळी, आणि नळीच्या तळाशी पडदा, म्हणजे प्रकाश टिपणारा भाग. भिंग डोक्याच्या कवचात घट्ट बसवलेलं असल्यामुळे आपल्यासारखं बुबुळ फिरवायची सोय नाही. त्यावर तोडगा असा की नळीचं मागचं टोक स्नायूंनी हलतं. या डोळ्याला एका वेळी फार थोडा भाग दिसतो. अंधाऱ्या खोलीत विजेरीचा बारीक झोत फिरवत आपण एकेक वस्तू बघतो, तसा कोळी नळीचं टोक हलवत समोरचं चित्र तुकड्या-तुकड्याने वाचतो. अंग अजिबात न हलवता तो तुम्हाला डोक्यापासून पायापर्यंत बघून घेत असतो. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांचं कवच पारदर्शक असतं, तेव्हा या नळ्या आत हलताना बाहेरून दिसतात.

या कुळातल्या सर्वांत तीक्ष्ण नजरेच्या पोर्शिया नावाच्या कोळ्यांची दृष्टी मोजली गेली आहे. ती माणसाच्या दृष्टीच्या साधारण एक षष्ठांश भरते. हे कमी वाटेल, पण तो अख्खा कोळी आपल्या डोळ्याच्या बुबुळाएवढा असतो. आकाराने कितीतरी मोठा चतुर, ज्याचं जवळजवळ सगळं डोकं डोळ्यांनीच व्यापलेलं असतं, तोही या बाबतीत त्याच्या मागे आहे.

उडी मारायची तर आणखी एक गोष्ट लागते: माशी नेमकी किती लांब आहे याचा अंदाज. माणूस दोन डोळ्यांतल्या चित्रांच्या फरकावरून अंतर जोखतो. कोळ्याच्या दोन मोठ्या डोळ्यांत दिसणारा समाईक भाग इतका अरुंद असतो की ती युक्ती त्याच्या फारशी कामाची नाही. मग? याचं उत्तर जपानमधल्या संशोधकांनी २०१२ मध्ये दिलं, आणि प्रयोगासाठी वापरला तो आपल्या गॅलरीतला हसारियस. मोठ्या डोळ्याचा पडदा एकावर एक अशा चार थरांचा असतो. त्यातले खालचे दोन थर हिरवा प्रकाश टिपतात. हिरव्या प्रकाशाचं चित्र सगळ्यांत खालच्या थरावर स्पष्ट उमटतं, आणि त्याच्या वरच्या थरावर पुसट. माशी जितकी जवळ, तितकं वरच्या थरातलं चित्र जास्त पुसट. कोळी हे पुसटपण मोजतो आणि त्यावरून अंतर काढतो. फोटो काढताना मागचं धूसर होतं ते बघून आपण म्हणतो ‘छान आलाय’. कोळी त्याच धूसरपणाचं गणित मांडतो.

हे सिद्ध केलं ते फार सुंदर रीतीने. हिरव्या उजेडात कोळ्यांच्या उड्या अचूक पडल्या. मग फक्त तांबडा उजेड ठेवला. तांबडा प्रकाश भिंगातून जरा आणखी मागे जाऊन एकवटतो, त्यामुळे वरच्या थरातलं चित्र नेहमीपेक्षा जास्त पुसट होतं. कोळ्याला वाटलं माशी जवळ आहे. सगळ्या उड्या अलीकडे पडल्या.

आता उडी. प्लेक्सिपसचे पाय काही नाकतोड्यासारखे जाडजूड मांड्यांचे नाहीत. शिवाय कोळ्यांच्या पायात एक विचित्र उणीव आहे. पाय वाकवायला स्नायू आहेत, पण पायातले दोन मुख्य सांधे सरळ करणारे स्नायूच नाहीत. ते सांधे सरळ होतात रक्ताच्या दाबाने. बागेत वेटोळं पडलेला पाण्याचा पाइप आठवा. नळ सोडला की पाइप आपोआप ताठ होतो. कोळी शरीराच्या पुढच्या भागातले स्नायू आवळून रक्त पायांत ढकलतो, मागचे पाय एका क्षणात ताठ होतात आणि तो हवेत फेकला जातो. हा दाब आपल्या सोसायटीतल्या पाण्यासारखा नसतो. लागेल तेव्हा लागेल तेवढा मिळतो. मेलेला कोळी नेहमी पाय पोटाशी मुडपलेल्या अवस्थेत का सापडतो, त्याचं कारणही हेच. दाब गेला, वाकवणारे स्नायू उरले.

उडी घेण्याआधी तो पोटाचं टोक भिंतीला टेकवून एक धागा चिकटवतो. बघायचं असेल तर नीट लक्ष द्या, अंग किंचित मागे दबतं तो हाच क्षण. नेम चुकला तर तिसऱ्या मजल्यावरून खाली पडण्याऐवजी तो धाग्याला लटकतो आणि चढून परत येतो. धाग्याचा आणखी एक उपयोग तैवानमधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवला, पुन्हा हसारियसवरच. हवेत असताना कोळी धाग्याला हलका ताण देऊन अंगाचा तोल सावरतो आणि पायांवर उतरतो. ज्यांच्या मागे धागा नव्हता ते उतरताना घसरले, कोलमडले. पतंगाला शेपटी नसली की त्याची जी गत होते, तसंच काहीसं.

भिंतीवर चिकटण्याचं कोडं तेवढंच मजेचं आहे. पायांच्या टोकांना केसांचे झुपके असतात, आणि प्रत्येक केसाला पुन्हा अतिसूक्ष्म केस. याच कुळातल्या एका युरोपीय कोळ्याच्या अभ्यासात, २००४ मध्ये, आठ पायांवर मिळून अशी सहा लाखांहून जास्त सूक्ष्म टोकं मोजली गेली. ही टोकं भिंतीच्या इतकी जवळ जातात की दोन्हींच्या रेणूंमधलं क्षीण आकर्षणसुद्धा कामी येतं. गोंद नाही, चूषक नाही. हिशोबाने ही पकड त्याच्या वजनाच्या १७० पट भार पेलू शकते. म्हणून खिडकीच्या काचेवरूनही तो असा चालतो जणू जमिनीवरच आहे.

दिवसाचं काम संपलं की तो फटीत जातो. खिडकीच्या चौकटीचा कोपरा, दिव्याच्या पट्टीची मागची बाजू, भिंतीवरच्या कॅलेंडरचा आडोसा, काहीही चालतं. तिथे तो दाट रेशमाची खोळ विणतो आणि आत झोपतो. ‘झोपतो’ हा शब्द मी जपून वापरतोय. २०२२ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी या कुळातल्या पारदर्शक पिल्लांचे रात्रभर चित्रण केले, तेव्हा त्यांच्या डोळ्यांच्या नळ्या मधूनमधून अचानक हलू लागत आणि त्याच वेळी पाय आखडत. आपण स्वप्न बघतो तेव्हा बंद पापण्यांआड आपले डोळे असेच हलतात. कोळ्याला स्वप्नं पडतात असं यावरून म्हणता येत नाही. पण मला तरी त्या रात्री ट्यूबलाइट लवकर बंद करावीशी वाटली.

मादी अशाच खोळीत अंडी घालते, एका वेळी साधारण ३५ ते ६०, चपट्या रेशमी पिशवीत. पिल्लं बाहेर पडून पांगेपर्यंत ती तिथून हलत नाही. म्हणून कॅलेंडर काढताना मागे रुपयाच्या नाण्याएवढा पांढरा चकता आणि त्यावर बसलेली करडी कोळीण दिसली, तर ते पान फाडायला महिनाभर थांबा. तसंही मागच्या महिन्याचं पान फाडायची घाई आपल्याकडे कुणाला असते?

नराचं वागणं मादी कुठे भेटते त्यावर ठरतं. उघड्यावर भेटली तर तो पुढचे पाय वर करून तिच्यासमोर तिरका-तिरका नाचतो. ती खोळीत असेल तर नाच बघणार कोण? मग तो बाहेरून खोळीच्या धाग्यांवर टकटक करतो, ते हलवतो. आणि मादी अजून वयात यायची असेल, शेवटची कात टाकायची बाकी असेल, तर तो तिच्या खोळीला लागूनच स्वतःची खोली बांधतो आणि शेजारी मुक्काम ठोकतो. एकाच नराकडे या तिन्ही रीती असतात. प्रसंग पाहून तो निवडतो. आरशासमोर नेऊन ठेवलं तर स्वतःच्या प्रतिबिंबाला परका नर समजून अंगावर जायचा पवित्राही घेतो. आमच्या बेसिनवरच्या आरशात एकाने सकाळची वीस मिनिटं अशी घालवलेली मी पाहिली आहेत, मला ऑफिसला उशीर झाला.

शत्रूही भिंतीवरच असतात. पाल तर आहेच. कोपऱ्यातला लांब पायांचा कोळी आपल्या जाळ्यात शिरलेल्या इतर कोळ्यांना गुंडाळून खातो. पण सगळ्यांत भयंकर कुंभारीण. दाराच्या चौकटीवर, पुस्तकांच्या कडेला, कधी बंद पडलेल्या प्लगच्या भोकात चिखलाचं घर करणारी ही बारीक कमरेची माशी आपल्याला ठाऊक असते. तिचं घर रिकामं झालंय समजून मी एकदा फोडलं तर आत सात-आठ कोळी निघाले. मेलेले वाटले, पण मेलेले नव्हते. कुंभारीण डंख मारून कोळ्याला लुळा करते, चिखलाच्या कोठडीत भरते, त्यावर एक अंडं घालते आणि तोंड बंद करते. अळी बाहेर आली की तिला ताजं अन्न तयार. त्या सात-आठांत दोन काळे-पांढरे पट्टेवाले होते. आई मागून म्हणाली, ‘बरं झालं, आता तरी कळलं ना घर फोडू नये ते.’ तिला कुंभारणीबद्दल वाईट वाटलं होतं.

विषाबद्दल विचारतात सगळेच, म्हणून थोडक्यात. जवळजवळ सगळ्या कोळ्यांप्रमाणे यालाही विष आहे, ते माशी-डासाच्या मापाचं. माणसाला त्याने धोका नाही. चिमटीत दाबला तर चावू शकतो. चिमटीत दाबायचं कशाला? पावसाळ्यात सकाळी उठल्यावर मानेवर किंवा गालावर लांबट, जळजळणारे फोड दिसले की ‘अंगावरून कोळी गेला’ असं म्हणायची पद्धत आहे. पुष्कळदा तो उद्योग दिव्याला येणाऱ्या एका बारीक, केशरी-काळ्या भुंगेऱ्याचा असतो. तो अंगावर चिरडला गेला की त्याच्या शरीरातला रस कातडी भाजून काढतो. तर कधी ते फोड नागिणीचे निघतात आणि त्याला डॉक्टरच लागतो. दोन्हींत कोळ्याचा हात, किंवा पाय, नसतो.

मग पुण्याचे स्वतःचे उडी मारणारे कोळी कुठे आहेत? ते टेकड्यांवर आहेत. वेताळ टेकडीवर किंवा तळजाईला सकाळी फिरायला जाणाऱ्यांपैकी फार थोडे जण झुडपाच्या पानावर वाकून बघतात, पण बघितलं तर भेटतात. मुंगीचं सोंग घेणारे कोळी त्यात सगळ्यांत नाटकी. अंग मुंगीसारखं बारीक, मध्ये कंबर, चाल मुंगीसारखी वेडीवाकडी, आणि पुढचे दोन पाय वर धरून हलवायचे, म्हणजे आठ पायांतले दोन मिशा वाटतात आणि उरतात सहा. या कोळ्यांची यादी वेगळी आहे. त्यांना पानं, झुडपं, मुंग्या लागतात. आपली भिंत ती यादी पुरी करत नाही, म्हणून टेकडी गेली की ते आपल्या गॅलरीत राहायला येत नाहीत. ते नाहीसेच होतात. प्लेक्सिपस घरोघरी दिसतो म्हणून ‘कोळ्यांना शहर मानवतं’ असं म्हणणं म्हणजे कबुतरं वाढली म्हणून पक्ष्यांचं बरं चाललंय असं म्हणण्यासारखं आहे.

आपल्याकडे या जीवांचा अभ्यास नवा नाही. भारतीय कोळ्यांवर आयुष्य घालवलेल्या बी. के. टिकादरांचा महाराष्ट्रातल्या कोळ्यांवरचा एक लेख १९६३ मध्ये पुणे विद्यापीठाच्याच नियतकालिकात आला होता. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचं पश्चिम विभागाचं केंद्र आपल्या आकुर्डीत आहे. आणि नवीन प्रजाती शोधायला दर वेळी घनदाट जंगलातच जावं लागतं असंही नाही. २०२१ मध्ये ठाणे-कल्याण भागात सापडलेल्या एका उडी मारणाऱ्या कोळ्याला इसियस तुकारामी हे नाव देण्यात आलं, २६/११ च्या रात्री कसाबला धरून ठेवणाऱ्या तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ.

आमच्या इमारतीला गेल्या वर्षी रंग काढला. दोन महिने बाहेर परांच्या होत्या, फटा पुट्टीने बुजल्या, भिंती गुळगुळीत झाल्या आणि गॅलरीतल्या ट्यूब जाऊन एलईडी आल्या. एलईडीतून अतिनील किरणं जवळजवळ निघत नाहीत, त्यामुळे तिच्याकडे किडे तुलनेने कमी येतात. वीजबिल उतरलं, गॅलरी स्वच्छ झाली, आणि ट्यूबखालचा तो गंधवाला नर काही परत दिसला नाही. मी महिनाभर रोज बघत होतो. मग एकदा लिफ्ट बंद होती म्हणून जिन्याने उतरलो, तर तळमजल्यावर मीटरच्या पेट्यांपाशी जुनी ट्यूब अजून तशीच लटकलेली. ती बदलायचा खर्च सोसायटीने करायचा की बिल्डरने, हा विषय कमिटीत प्रलंबित आहे. तिच्याखालच्या पोपडे उडालेल्या भिंतीवर सध्या तीन नर आणि दोन माद्या आहेत. पेटीच्या मागे एक पांढरा चकताही आहे.